विकत घेतलेली सव्वादोन वर्षे

सेवा विकत घेता येते, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत पटले नाही. ते विदर्भात पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील चार महिन्यांचा सेवाखंड ही त्यांची जन्माची काळजी होती. तो खंड क्षमापित झाल्याचा आदेश निवृत्तीच्या दोन वर्षे आधी हाती आला, तेव्हा त्यांनी त्याची एक प्रत सेवापुस्तकाला जोडून घेतली आणि दुसरी घरच्या कपाटात कुलपात ठेवली. त्यासाठी त्यांना एक रुपयाही भरावा लागला नव्हता. जुन्या योजनेत महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातून निवृत्तिवेतनासाठी कपातच होत नसे, त्यामुळे सेवा ग्राह्य धरली जाते किंवा धरली जात नाही, एवढ्या दोनच गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. 2021 साली मी फोनवर त्यांना सांगितले की मी माझी जुनी सेवा विकत घेण्यासाठी अर्ज केला आहे, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग त्यांनी विचारले, "विकत? कोणाकडून?"

उत्तर सोपे होते: न्यूयॉर्क राज्याच्या सेवानिवृत्ती निधीकडून. मात्र ते उत्तर खरोखर समजायला मला स्वतःला जवळजवळ सव्वा वर्ष लागले.

मी नागपूरला वकिलीचे शिक्षण घेऊन इकडे आले, येथे पुन्हा एक पदवी घेतली आणि 1998 साली मला न्यूयॉर्क राज्यात वकिलीची सनद मिळाली. पुढच्या वर्षी राज्याच्या पश्चिम भागातील एका काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या घटकात, मी सहायक सार्वजनिक बचाव वकील म्हणून अर्धवेळ लागले. ज्या आरोपींना वकील परवडत नाही त्यांची बाजू मांडण्याचे ते काम होते आणि ते मी 14 महिने केले. त्यानंतर स्वतःची वकिली सुरू केली. 2006 च्या निवडणुकीत मी आमच्या टाऊनच्या न्यायालयात न्यायाधीश म्हणून निवडून आले आणि चार-चार वर्षांच्या दोन मुदती, म्हणजे 2007 च्या जानेवारीपासून 2014 च्या डिसेंबरपर्यंत, ते पद सांभाळले. येथे टाऊन म्हणजे शहर नव्हे; काउंटीच्या पोटातील तो एक स्थानिक कारभाराचा घटक असतो, आणि आमचा तर बराचसा शेतांचाच होता. या न्यायालयांत वाहतुकीचे गुन्हे, किरकोळ फौजदारी प्रकरणे, भाडेकरूंचे तंटे आणि लहान रकमांचे दावे चालतात. न्यायाधीश वकीलच असला पाहिजे अशी अट नाही. माझ्याबरोबरचे दुसरे न्यायाधीश निवृत्त शिक्षक होते आणि मला प्रामाणिकपणे सांगायचे तर भाडेकरूंच्या प्रकरणांत त्यांची समज माझ्यापेक्षा चांगली होती. न्यायालय संध्याकाळी भरत असे, कारण आम्हा दोघांनाही दिवसा दुसरा व्यवसाय होता. पगार सुरुवातीला वर्षाला 12,000 डॉलर होता, तो शेवटी 14,000 झाला.

पुढे 2018 च्या नोव्हेंबरमध्ये मी काउंटीच्या कौटुंबिक न्यायालयावर दहा वर्षांच्या मुदतीसाठी निवडून आले. ही मात्र पूर्णवेळ आणि राज्याच्या वेतनावरची नेमणूक होती. 2019 च्या जानेवारीत पहिल्याच आठवड्यात मी सेवानिवृत्ती व्यवस्थेच्या सदस्यत्वाच्या अर्जावर सही केली. तेव्हा मी 52 वर्षांची होते.

आता हिशोबाकडे येते. या राज्याच्या घटनेनुसार माझ्यासारख्या न्यायाधीशाला वयाची 70 वर्षे पूर्ण होतात त्या वर्षाच्या अखेरीस पद सोडावेच लागते. माझ्यासाठी ती तारीख 31 डिसेंबर 2036 आहे. म्हणजे मतदारांनी 2028 साली पुन्हा निवडून दिले, तरी माझी पूर्णवेळ सेवा 18 वर्षांच्या पुढे जाऊच शकत नाही. 1 एप्रिल 2012 रोजी किंवा त्यानंतर सदस्य झालेले सर्वजण सहाव्या टियरमध्ये, म्हणजे सदस्यत्वाच्या तारखेवरून ठरणाऱ्या सहाव्या गटात, येतात, आणि या टियरचे सूत्र असे आहे की 20 वर्षांपेक्षा कमी सेवा असेल तर प्रत्येक वर्षाला अंतिम सरासरी वेतनाच्या 1.66 टक्के निवृत्तिवेतन मिळते. 20 वर्षे पूर्ण झाली तर त्या वीस वर्षांचे एकत्रित 35 टक्के होतात, आणि त्यापुढील प्रत्येक वर्षाला 2 टक्के. सरासरी वेतन 2 लाख डॉलर धरले, तर 18 वर्षांचे वार्षिक निवृत्तिवेतन 59,760 डॉलर होते आणि बरोबर 20 वर्षांचे 70,000. शेवटच्या दोन वर्षांना दहा हजारांहून अधिक किंमत आहे, कारण ती दोन वर्षे आपल्याबरोबर आधीच्या अठरा वर्षांचाही दर वाढवतात. विसाव्या वर्षाच्या या उंबरठ्याबद्दल मला एका ज्येष्ठ सहकारी न्यायाधीशांनी भोजनाच्या सुट्टीत सांगितले आणि विचारले, "तू टाऊन कोर्टात होतीस ना? ती वर्षे विकत घेतलीस की नाही?"

नियम असा आहे की सदस्य होण्यापूर्वी राज्यातील एखाद्या सहभागी सार्वजनिक संस्थेत, म्हणजे काउंटी, टाऊन, शाळामंडळ इत्यादींत, पगारी नोकरी केली असेल, तर सध्याच्या सदस्यत्वात दोन वर्षांची सेवा झाल्यावर ती जुनी सेवा जोडून मागता येते. सहाव्या टियरच्या सदस्याने त्यासाठी त्या काळात मिळालेल्या पगाराच्या 6 टक्के रक्कम भरायची, आणि त्या काळापासून आजपर्यंतचे 5 टक्के चक्रवाढ व्याज वेगळे. अर्ज निवृत्तीच्या तारखेपूर्वी पोहोचलाच पाहिजे. त्यानंतर दार बंद. व्याज रोज चालू असल्यामुळे जितका उशीर तितकी किंमत जास्त, हे गणित कोणालाही कळेल. माझी दोन वर्षे 2020 च्या अखेरीस पूर्ण झाली आणि 2021 च्या फेब्रुवारीत मी आर. एस. 5042 हा अर्ज भरून राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला, पाठवला.

अर्ज दोन पानांचा आहे आणि तो भरायला वीस मिनिटे लागली. त्यातील प्रत्येक ओळ सिद्ध करायला पुढचे तेरा महिने गेले.

पहिला प्रश्न कोणती सेवा धरायची हाच होता. 2001 ते 2018 या काळात मी कौटुंबिक न्यायालयात नेमून दिलेल्या वकिलाचे काम भरपूर केले होते. काउंटी कायद्याच्या 18-बी या प्रकरणाखाली हे काम चालते, म्हणून येथील वकील त्याला नुसते 'अठरा-बी' म्हणतात. पैसे काउंटीच देत असे. 2004 पासून कौटुंबिक न्यायालयातील कामाचा दर तासाला 75 डॉलर होता. तासांच्या दृष्टीने पाहिले तर टाऊनच्या न्यायालयापेक्षा हे काम किती तरी पट अधिक, आणि लोकसेवा म्हणून पाहिले तर माझ्या मते अधिक कष्टाची. तरीही तिचा एक तासदेखील धरला जाणार नव्हता, कारण त्या कामात मी काउंटीची कर्मचारी नव्हते, स्वतंत्र व्यावसायिक होते. वर्षाच्या शेवटी मला डब्ल्यू-2, म्हणजे कर्मचाऱ्याच्या वेतनाचा दाखला, मिळत नसे; 1099, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिकाला दिलेल्या पैशांचा दाखला, मिळत असे. कर्मचारी आणि स्वतंत्र व्यावसायिक यांतील ही रेघ येथे फार काटेकोरपणे पाळली जाते, आणि त्याला कारणही आहे: काही शाळामंडळांनी खासगी वकिलांना कर्मचारी म्हणून दाखवून त्यांना निवृत्तिवेतनाची सेवा मिळवून दिल्याचे 2008 साली उघडकीस आले आणि त्यानंतर नियम कडक झाले. त्या वकिलांचा मला राग आहे, पण नियमाबद्दल माझी तक्रार नाही. मी ती सतरा वर्षे अर्जात लिहिली नाहीत.

उरल्या दोन सेवा: टाऊनची आठ वर्षे आणि बचाव वकिलीचे 14 महिने.

आठ वर्षे म्हटले की कानाला खूप वाटतात, पण अर्धवेळ सेवेची वर्षे दिवसांत मोजली जातात. कामाचे 260 दिवस म्हणजे सेवेचे एक वर्ष. एका दिवसाचे तास किती हे टाऊनचे मंडळ ठराव करून ठरवते, मात्र तो दिवस सहा तासांपेक्षा कमी धरता येत नाही. निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याला हजेरीपट नसतो, म्हणून जो सदस्य आहे त्याने सलग तीन महिने आपल्या कामाची नोंदवही ठेवायची, तीवरून महिन्याचे सरासरी दिवस काढायचे आणि मंडळाने ते ठरावात नमूद करायचे, अशी पद्धत आहे. 2009 साली तिचे नियम पक्के झाले. मी त्या काळात सदस्यच नव्हते, त्यामुळे माझी अशी नोंदवही नव्हती. टाऊनच्या दप्तरी माझ्या पगाराचा पै-पैचा हिशोब होता, पण मी किती तास काम केले हे कोणीच लिहून ठेवले नव्हते.

येथे मला एका गोष्टीने तारले. टाऊनच्या न्यायाधीशाला वसूल केलेल्या दंडाचा आणि शुल्काचा मासिक अहवाल राज्याच्या कंट्रोलरकडे, म्हणजे मुख्य वित्ताधिकाऱ्याकडे, पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत पाठवावा लागतो. सेवानिवृत्ती व्यवस्थाही याच कंट्रोलरच्या अखत्यारीत आहे, म्हणजे माझ्या कामाचा पुरावा माझ्याच हातून दर महिन्याला त्याच कचेरीच्या दुसऱ्या शाखेत जात होता. त्या 96 अहवालांच्या प्रती मी ठेवल्या होत्या. हा गुण वडिलांकडून आला आहे आणि घरच्यांनी त्याची आजवर टिंगलच केली होती. प्रत्येक अहवालात निकाली प्रकरणांची यादी होती. तिला न्यायालयाच्या दिनदर्शिकेची जोड देऊन मी आठ वर्षांचा महिनावार तक्ता तयार केला. संध्याकाळचे सत्र तीन तासांचे, म्हणजे अर्धा दिवस. निकालपत्रे लिहिण्याचे तास, सक्तीच्या प्रशिक्षणाचे दिवस, आणि रात्री-अपरात्री पोलिसांनी अटक करून आणलेल्या व्यक्तीला पहिल्यांदा हजर करून घेण्याचे तास. थंडीच्या दिवसांत पहाटे दोन वाजता गाडीवरचा बर्फ खरवडून टाऊन हॉल उघडायला मी किती वेळा गेले, ते मोजताना मलाच आश्चर्य वाटले.

माझ्या तक्त्यात महिन्याला सरासरी सहा दिवस आले. त्यात मी एक चूक केली होती. दर दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी फोनजवळ थांबून राहण्याची पाळी माझी असे, आणि त्या थांबण्याचाही काही वेळ मी धरला होता. नियमांत स्पष्ट लिहिले आहे की बोलावणे येण्याची वाट पाहत घालवलेला वेळ काम म्हणून धरता येत नाही. प्रत्यक्ष बोलावणे आल्यावर केलेले काम तेवढेच धरायचे. आयुष्यभर दुसऱ्यांना कायद्याचा मजकूर वाचायला सांगणाऱ्या बाईने स्वतःच्या अर्जात तोच मजकूर वाचला नव्हता, याची लाज वाटली. तक्ता दुरुस्त केल्यावर सरासरी साडेचार दिवसांवर आली. टाऊनच्या मंडळाने तेवढ्याचा ठराव केला. वर्षाला 54 दिवस, आठ वर्षांचे 432. भागिले 260, म्हणजे 1.66 वर्षे.

अठरा अधिक 1.66 म्हणजे 19.66. उंबरठ्याच्या अलीकडे चार महिने.

आता सगळी भिस्त त्या 14 महिन्यांवर आली, ज्यांना मी अर्जात जवळजवळ शेपटासारखे जोडले होते. काउंटीच्या संबंधित कचेरीने पहिल्या पत्राला उत्तर दिले नाही, दुसऱ्याला उत्तर दिले की त्या नावाची कर्मचारी आढळत नाही, आणि तिसऱ्याला सांगितले की 2003 पूर्वीची वेतनपत्रके दुसऱ्या इमारतीत सूक्ष्मपटावर आहेत व साथीमुळे ती इमारत बंद आहे. माझ्याकडे 1999 चा डब्ल्यू-2 होता, 2000 चा नव्हता. मग सामाजिक सुरक्षा प्रशासनाकडे शुल्क भरून माझ्या कमाईचा तपशीलवार उतारा मागवला. त्यात प्रत्येक वर्षी कोणत्या मालकाने किती वेतन दाखवले ते छापलेले असते. तो आला आणि काउंटीचे नाव दोन्ही वर्षांसमोर दिसले. परंतु उताऱ्यात रक्कम असते, दिवस नसतात. अर्धवेळ म्हणजे आठवड्याचे किती तास हे सांगणारा कागद हवाच होता.

'आढळत नाही' याचे कारण पुढे एका कारकून बाईंनी शोधून काढले. नोकरीला लागले तेव्हा माझे नाव माहेरचे होते. लग्नानंतर बदलले ते सनदेवर आणि सगळीकडे बदलले, पण तोपर्यंत मी काउंटीची नोकरी सोडली होती. शिवाय आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते, ते तेथे कोणी तरी आडनाव समजून लावले होते, आणि माझे कार्ड वडिलांच्या नावाच्या अक्षराखाली पडून होते. त्या बाईंनी विचारले म्हणून मी नावाची सगळी मांडणी समजावून सांगितली, आणि तीन दिवसांत पिवळ्या पडलेल्या कार्डाची छायाप्रत ईमेलने आली: नेमणुकीची तारीख, राजीनाम्याची तारीख, आठवड्याला साडेसतरा तास, वार्षिक वेतन 22,000. काउंटीचा पूर्ण आठवडा 35 तासांचा होता. म्हणजे 14 महिन्यांचा निम्मा काळ, 0.58 वर्ष.

वडिलांना हे मी सांगितले तेव्हा ते मनापासून हसले. "म्हणजे मी तुझी सेवा सांभाळून ठेवली होती," असे म्हणाले.

ऑल्बनीचे पत्र 2022 च्या वसंतात आले. 2.24 वर्षे मान्य. किंमत सुमारे 15,200 डॉलर. त्यांतील मूळ रक्कम 7,800 च्या आतबाहेर, बाकीचे सगळे व्याज. बचाव वकिलीच्या पगारावरचे 6 टक्के जेमतेम दीड हजार होते, ते बावीस वर्षांच्या चक्रवाढीने साडेचार हजारांवर गेले होते. रक्कम एकरकमी भरता येते, पगारातून हप्त्याने कापून घेता येते, किंवा सरकारी कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या 457 या बचत योजनेतील पैसे थेट वळवता येतात. मी तिसरा मार्ग घेतला, कारण त्यात पैसे हातात न येता एका निधीतून दुसऱ्या निधीत जातात आणि वळवताना कर द्यावा लागत नाही. फक्त धनादेशावर सदस्य क्रमांक छापून आला पाहिजे, हे योजनेच्या माणसाकडून दोनदा वदवून घेतले.

व्यवहार म्हणून पाहिला तर याच्याइतका फायद्याचा सौदा मी आयुष्यात केलेला नाही: मघाच्याच हिशोबाने 15,200 डॉलर भरून वर्षाला सुमारे 11,200 डॉलरची वाढ, आणि तीही हयातभर. तरीही एक गोष्ट मला बोचते. 2007 च्या जानेवारीत टाऊनच्या कारकुनांनी शपथविधीच्या कागदांबरोबर एक पान दिले होते. त्यावर लिहिले होते की तुमचे पद अर्धवेळ आहे, सेवानिवृत्ती व्यवस्थेचे सदस्यत्व ऐच्छिक आहे, हवे असल्यास येथे सही करा. सही केली असती तर पगारातून 3 टक्के, म्हणजे महिन्याला 30 डॉलर कापले गेले असते. मुलाच्या पाळणाघराची फी भरायची होती, त्या तीस डॉलरसाठी मी 'नको' या चौकटीत खूण केली. त्या पानाची प्रतही माझ्या फाइलमध्ये आहे.

त्या दिवशी सही केली असती तर मी चौथ्या टियरची सदस्य झाले असते. त्या टियरमध्ये अंशदान 3 टक्के आणि तेही दहा वर्षांनंतर थांबते. वीस वर्षे पूर्ण झाली की प्रत्येक वर्षाला 2 टक्के मिळतात, म्हणजे माझ्या 20.24 वर्षांचे साडेपस्तीसऐवजी साधारण साडेचाळीस टक्के झाले असते. पूर्वसेवा विकत घेतल्याने सेवेची वर्षे वाढतात, सदस्यत्वाची तारीख मागे जात नाही. 2007 ची सेवा आता माझ्या खात्यात आहे, पण ती सहाव्या टियरच्या दराने विकत घेतलेली आणि सहाव्या टियरच्या सूत्राने मोजली जाणारी आहे. तारीख मागे नेण्याची सोय ज्यांचे पूर्वी खरोखर सदस्यत्व होते आणि नंतर संपले अशांसाठीच आहे. मी कधी सदस्यच झाले नव्हते. याविरुद्ध दाद मागता येईल का, असे एका वकील मित्राने विचारले. माझी सूचना मला लेखी मिळाली होती आणि माझी खूण माझ्या हातची होती. असे प्रकरण माझ्यासमोर आले असते तर मी पाच मिनिटांत फेटाळले असते.

त्या वर्षीच्या वार्षिक विवरणपत्रात पूर्वसेवेच्या ओळीत 2.24 हा आकडा पहिल्यांदा छापून आला. त्याची एक प्रत मी नागपूरला पाठवली होती. ती वडिलांच्या कपाटात त्यांच्या सेवाखंडाच्या आदेशाखाली ठेवलेली मागच्या वर्षी भावाला सापडली. माझी वीस वर्षे आता 2036 च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भरतात. त्याआधी 2028 च्या नोव्हेंबरमध्ये निवडणूक आहे.